मालकाची वही कोण तपासणार?

आमच्या मुलामुलींनी पीएचडीला कोणता विषय घेतला असेल, हे आता न विचारताही सांगता येते. दलित आत्मकथने, दलित स्त्रियांचे प्रश्न, अमुक जिल्ह्यातील अनुसूचित जातींची शैक्षणिक स्थिती, नाहीतर अमुक तालुक्यातील स्थलांतरित मजूर. हे विषय वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. त्यातून फार मोलाचे काम झाले आहे आणि पुढेही व्हावे. पण हे विषय आमची मुले दरवेळी स्वतः निवडतात का? गाइड सांगतात, "तुमच्या समाजावरच करा, मटेरियल सहज मिळेल." मुलगी बिचारी मान हलवते. तिला कदाचित देशमुखीच्या वाड्यात पैसा कुठून यायचा हे शोधायचे असते. तो विषय तिच्याच वर्गातल्या एखाद्या आडनावाला मिळतो, आणि तो मुलगा पुढे 'घराण्याचा इतिहास' लिहितो.

म्हणजे सोसण्याचा इतिहास आम्ही लिहायचा आणि सत्तेचा इतिहास त्यांनी लिहायचा, अशी वाटणी होऊन बसली आहे. ही वाटणी आम्हाला मान्य नाही. ती का मान्य नाही हे सांगण्यासाठी आज एका वेल्श इतिहासकाराचे काम वाचकांपुढे ठेवतो. त्यांचे नाव रीस डेव्हिस. या माणसाने उभी हयात चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या ब्रिटिश सरदारांची सत्ता कशी चालत होती याच्या अभ्यासात घालवली. "आम्हाला इंग्रज सरदारांशी काय देणेघेणे?" असे कोणी कार्यकर्ता विचारील. विचारावेच. पण उत्तर ऐकण्याआधी थोडा धीर धरावा.

वेल्स म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेला चिकटलेला डोंगराळ मुलुख. त्याची भाषा वेगळी, कायदा वेगळा, लोक वेगळे. 1282 च्या डिसेंबरात वेल्सचा राजपुत्र लेवेलिन लढाईत मारला गेला आणि इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने उरलेला मुलुख जिंकला. 1284 मध्ये त्याने आपला कायदा लागू केला. पण सगळा वेल्स राजाच्या हातात नव्हता. पूर्वेचा आणि दक्षिणेचा मोठा पट्टा त्याच्या कितीतरी आधीपासून अँग्लो-नॉर्मन सरदारांनी तुकड्या-तुकड्याने बळकावला होता. या पट्ट्याला 'मार्च' म्हणत. तिथे चाळीसच्या आसपास सरदारक्या होत्या. मॉर्टिमर, बोहुन, फिट्झॲलन, ग्रे ही तिथली बडी घराणी. या सरदारक्यांत राजाचा हुकूम चालत नसे. सरदाराचे स्वतःचे कोर्ट, स्वतःचा तुरुंग, स्वतःचा फास. आपल्याकडच्या जहागिरी आणि संस्थानांची आठवण झाली तर ती चुकीची नाही, मात्र दोन्ही गोष्टी एकच आहेत असे कोणी समजू नये. त्यातला फरक पुढे येईलच.

रीस डेव्हिस यांचा जन्म 1938 चा, उत्तर वेल्समधल्या मेरिओनेथ या जिल्ह्यातला. घरची भाषा वेल्श. इंग्रजी नंतर आली. शिक्षण बाला गावच्या शाळेत, तिथून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, आणि मग डॉक्टरेटसाठी ऑक्सफर्डला. ज्या भाषेला शतकानुशतके खेडवळांची भाषा म्हणून हिणवले गेले, ती बोलणारा हा मुलगा जिंकणाऱ्यांच्या सर्वात जुन्या विद्यापीठात शिरला. तिथे त्याने विषय निवडला तो बोहुन आणि लँकेस्टर या दोन बड्या सरदार घराण्यांच्या वेल्समधल्या मालमत्तांचा. वेल्श लोकगीतांवर किंवा वेल्श संतांवर तो सहज काम करू शकला असता आणि कोणालाही त्याचे नवल वाटले नसते. त्याने मालकांचे दप्तर उघडले.

त्याचे मार्गदर्शक होते के. बी. मॅकफार्लेन. ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजचा हा प्राध्यापक विक्षिप्त म्हणावा इतका कमी छापणारा. 1966 मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या नावावर पुस्तके म्हणावीत अशी फार थोडी होती. सरदारवर्गावरचे त्याचे मुख्य पुस्तक शिष्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये छापून काढले. तरीही इंग्लंडच्या उत्तर-मध्ययुगाचा अभ्यास त्याने मुळापासून बदलला. त्याच्या आधीचे इतिहासकार राजाची कागदपत्रे वाचायचे, कारण ती सरकारी दप्तरखान्यात नीट जपलेली होती. साहजिकच त्यांना सरदार दिसायचे ते राजाच्या नजरेतून, म्हणजे बंडखोर, भांडखोर, लोभी. मॅकफार्लेनने सरदारांची खासगी कागदपत्रे हुडकली. कारभाऱ्यांचे जमाखर्च, जमिनीच्या उत्पन्नाचे तक्ते, नोकरीचे करारनामे. त्या काळी जमिनीऐवजी रोख वर्षासन देऊन माणसे बांधण्याची पद्धत रूढ झाली होती. तिला एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी हिणवून 'हिणकस सरंजामशाही' अशा अर्थाचे नाव दिले होते. मॅकफार्लेनने 1945 च्या सुमारास दाखवून दिले की ही काही गुंडांची टोळीबाजी नव्हती. ती त्या समाजाची नेहमीची चालण्याची रीत होती. सरदार पैसा आणि संरक्षण देतो, खालचा माणूस चाकरी आणि निष्ठा देतो, आणि सारे राजकारण या धाग्यांनी विणलेले असते.

पद्धत उत्तम होती. पण आमच्या नजरेला यात एक भोक दिसते. मॅकफार्लेनच्या वाचनात सरदार आणि त्याचा पगारी उमराव समोरासमोर येतात, दोघांचे देणेघेणे कळते, पण ते वर्षासन ज्याच्या घामातून निघाले तो कुळवाडी चित्रात फारसा येत नाही. जमाखर्चाची खर्चाची बाजू उजळते आणि जमेची बाजू अंधारात राहते. योगायोग पाहा. ज्या 1973 साली मॅकफार्लेनचे सरदारांवरचे पुस्तक आले, त्याच साली बर्मिंगहॅमच्या रॉडनी हिल्टन या मार्क्सवादी इतिहासकाराचे मध्ययुगातल्या शेतकऱ्यांच्या बंडांवरचे पुस्तक आले. एका टेबलावर मालक, दुसऱ्यावर कूळ. डेव्हिसचे मोठेपण आम्हाला इथे वाटते. त्याने गुरूकडून वही वाचायची विद्या घेतली आणि ती अशा मुलखात नेली जिथे वहीतल्या जमेच्या बाजूला त्याचेच पूर्वज होते. तिथे मालक आणि कूळ यांना वेगळ्या टेबलांवर बसवणे शक्यच नव्हते.

1978 मध्ये त्याचा मार्चमधल्या सरदारकीवरचा ग्रंथ आला. 1282 ते 1400 एवढाच काळ, एवढाच पट्टा. पण त्यातून सत्तेचे यंत्र एकेका खिळ्यासकट दिसते.

डेनबीचे उदाहरण घ्या. 1282 मध्ये एडवर्डने हा मुलुख हेन्री द लेसी या इंग्रज सरदाराला बक्षीस दिला. लेसीने काय केले? किल्ल्याभोवतालची, खालच्या सपाटीची चांगली जमीन रिकामी करवली, तिथल्या वेल्श कुटुंबांना दुसरीकडे, बऱ्याचदा डोंगराकडे जमीन देऊन हलवले, आणि त्या जागी इंग्रज वसाहतवाले आणून बसवले. कागदावर ही 'अदलाबदल' होती. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या फायली ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या शब्दाचे वजन समजावून सांगायला नको. 1334 मध्ये या सरदारकीची सविस्तर पाहणी झाली. गावोगाव, नावानिशी, कोणाकडे किती जमीन आणि कोणावर कोणते देणे. ती पाहणी टिकली आणि 1914 मध्ये छापली गेली, म्हणून आज आपल्याला या हुसकावणीचा माग काढता येतो. मालकाने वसुलीसाठी लिहून ठेवले आणि तोच त्याच्याविरुद्धचा पुरावा झाला.

यात आणखी एक गंमत आहे. लेसी 1311 मध्ये मेला. मग जावई थॉमस ऑफ लँकेस्टर, मग ह्यू डिस्पेन्सर, मग रॉजर मॉर्टिमर असे मालक बदलले. हे तिघेही नऊ वर्षांच्या आत, 1322, 1326 आणि 1330 मध्ये, मृत्युदंडाने गेले. दरबारात एवढी उलथापालथ, पण पाहणी झाली तेव्हा डेनबीच्या कुळांवरची देणी आपल्या जागी शाबूत. 'सत्तांतर झाले, सत्तांतर झाले' म्हणून दर पाच वर्षांनी गुलाल उधळणाऱ्या आमच्या काही नेत्यांनी ही वही एकदा चाळावी.

आता देण्यांची जातकुळी पाहू. साधा खंड तर होताच. नवा सरदार गादीवर आला की प्रजेने नजराणा द्यायचा. धान्य दळायचे ते सरदाराच्याच गिरणीत, आणि दळणावळ त्याला द्यायची. कूळ मेले की वारसाने रक्कम भरायची. वेल्श स्त्रियांवर 'आमोबर' नावाचे देणे होते. लग्न झाले तरी, लग्नाबाहेरचा संबंध उघडकीस आला तरी, ती रक्कम लागायची, आणि ती वसूल करायचा ठेका चक्क लिलावाने दिला जायचा. मुळात ही वेल्श समाजाचीच जुनी रूढी. जिंकणाऱ्याने ती मोडली नाही, तिचे उत्पन्नाच्या खात्यात रूपांतर केले. परका राज्यकर्ता जुन्या रूढींना हात का लावत नाही, याचे एक कारण इथे रोख रकमेत सापडते. बाईच्या शरीरावरची समाजाची पाळत त्याला फुकटात वसुलीचे यंत्र देत होती.

आणि कोर्ट. न्याय हा सरदाराच्या उत्पन्नाचा मोठा झरा होता. रिथिनच्या ग्रे घराण्याच्या सरदारकीतले कोर्टाचे कागद 1294 पासूनचे टिकले आहेत. गुरे शिरली, दारू गाळली, भांडण झाले, हजर राहिला नाही, प्रत्येकाला दंड. न्याय म्हणजे तंटा मिटवणे ही आपली समजूत, सरदाराच्या कारभाऱ्याची समजूत निराळी. त्याच्या लेखी कोर्टाचा दिवस म्हणजे वसुलीचा दिवस. त्यातही एकाच सरदारकीचे दोन भाग असत. सपाटीचा 'इंग्रज' भाग आणि डोंगराचा 'वेल्श' भाग. दोन्हींचा कायदा वेगळा, देणी वेगळी, कोर्टही बहुधा वेगळे. माणूस कुठल्या बाजूचा, यावर त्याच्या गुन्ह्याची आणि जमिनीची किंमत ठरे.

या सगळ्याची बेरीज किती होऊ शकते? अरुंडेलचा अर्ल रिचर्ड फिट्झॲलन 1376 मध्ये वारला. त्याच्या मालमत्तेत चर्क, ऑस्वेस्ट्री, क्लन या मार्चमधल्या सरदारक्या होत्या. मरतेवेळी त्याच्याकडे रोख आणि सोन्यारुप्यात 60,000 पौंडांहून अधिक रक्कम होती, त्यातली जवळपास निम्मी अरुंडेल किल्ल्याच्या बुरुजात. 1351 च्या मजुरी कायद्याने पीक कापणाऱ्या मजुराला दिवसाला 2 ते 3 पेन्सहून जास्त द्यायला बंदी केली होती, आणि तो कायदा करणाऱ्या पार्लमेंटात हेच लोक बसलेले. एका पौंडाचे 240 पेन्स. तीन पेन्सच्या दराने हिशेब केला तर त्या एका माणसाची रोकड म्हणजे 48 लाख दिवसांची मजुरी होते. (हा भागाकार आमचा आहे, डेव्हिसच्या माथी मारू नये.) या पैशातून अर्ल राजाला आणि व्यापाऱ्यांना कर्जे द्यायचा. राजा मोठा की सावकार मोठा, हा प्रश्न तेव्हाही होता.

पण नुसत्या लुटीने दीडशे वर्षे राज्य टिकत नाही. डेव्हिसच्या कामातला आम्हाला सर्वात उपयोगी वाटलेला भाग हा की वरची सत्ता खालच्या कोणाच्या हातांनी चालते. मोठे कारभारी बहुतेक इंग्रज, पण गावपातळीवर वसुली करणारा, समन्स पोचवणारा, कोर्टाला माणसे गोळा करणारा अधिकारी वेल्श असायचा. वेल्शांतल्या खानदानी कुळांना सरदाराची चाकरी, त्याचा बिल्ला, त्याच्या पदरचे वर्षासन हवे असायचे. सरदाराच्या लढाईला धनुर्धारी पुरवायचेही तेच. 1346 च्या क्रेसीच्या लढाईत फ्रान्सच्या राजाचा इंग्रजांनी पराभव केला, त्यात हजारो वेल्श होते. आम्हाला कोरेगावचा स्तंभ आठवला, तसा वाचकांनाही आठवेल. पण लगेच समीकरण मांडू नका. क्रेसीहून परतलेल्या वेल्श माणसाला गावच्या विहिरीवर पाणी नाकारले जात नव्हते.

सत्तेला मान्यता लागते, आणि ती रोज मिळवावी लागते. मेजवान्या, बिल्ले, किल्ल्यांचे बुरुज, शिकारीचे ताफे, चर्चमधल्या समाध्या या साऱ्यांकडे डेव्हिस शोभेच्या वस्तू म्हणून पाहत नाही. त्याच्या लेखी ती सत्तेची हत्यारे. लॅटिनमध्ये मालकाला 'डोमिनुस' म्हणत. देवालाही डोमिनुस, राजालाही, सरदारालाही, मठाधिपतीलाही. नवऱ्यालाही. आपल्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याला 'मालक' आणि 'धनी' म्हणतात, आणि शेतावरचा सालगडीही पाटलाला तेच म्हणतो. एकच शब्द आभाळापासून चुलीपर्यंत पुरतो तेव्हा मालकी ही निसर्गाची गोष्ट वाटू लागते. डेव्हिसने 2003 मध्ये एका लेखात असा सवाल केला की मध्ययुगाच्या इतिहासकारांनी 'राज्यसंस्था' या एकाच शब्दाच्या मागे का लागावे? सामान्य माणसाच्या आयुष्याला राज्यसंस्था क्वचित शिवत होती, मालकी रोज शिवत होती. आमच्याकडेही संविधान, संसद, सुप्रीम कोर्ट यांवर रात्र-रात्र बोलणारे कार्यकर्ते आहेत, आणि ते आवश्यकच आहे. पण गावात रस्ता कोणाच्या वस्तीपर्यंत येऊन थांबतो, सोसायटीचे कर्ज कोणाला मिळते, गायरान कोण खातो, हे ठरवणारी सत्ता कोणत्या कागदात लिहिलेली असते, याचा आम्ही किती अभ्यास केला?

1400 च्या सप्टेंबरात वेल्स पेटला. ओवेन ग्लिनडूरने स्वतःला वेल्सचा राजपुत्र घोषित केले आणि दोन दिवसांत रिथिनवर हल्ला चढवला. त्याच रिथिनवर, जिथले कोर्टाचे कागद आपण मघाशी पाहिले. ग्लिनडूर काही गरीब कूळ नव्हता. तो खानदानी जमीनदार, इंग्रज राजाच्या सैन्यात लढलेला. ग्रे घराण्याशी त्याचे वैर होते. डेव्हिसने 1995 मध्ये या उठावावर मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढे वेल्श भाषेतही ग्लिनडूरवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. राष्ट्रवीराच्या आरत्या त्यात नाहीत. उठावाला कोणते वेल्श सामील झाले, कोणी पाठ फिरवली, आणि डेव्हिड गॅमसारखे कोण शेवटपर्यंत इंग्रजांकडून लढले, हेही त्याने मांडले. आपल्याच लोकांबद्दल असे लिहायला छाती लागते.

उठावावर उतारा म्हणून 1401-02 मध्ये पार्लमेंटने जे कायदे केले ते वाचताना आमच्या वाचकाला परके वाटणार नाही. वेल्श माणसाने इंग्रज वसाहतीच्या गावांत जमीन घ्यायची नाही. तिथला नागरिक व्हायचे नाही. शस्त्र बाळगायचे नाही. मोठे पद धरायचे नाही. वेल्श माणसाच्या साक्षीवर वेल्समध्ये इंग्रजाला दोषी ठरवायचे नाही. वेल्श बाई केलेल्या इंग्रजालाही पदबंदी. हे कायदे औपचारिकपणे पूर्ण रद्द व्हायला 1624 उजाडावे लागले.

तरी फरक सांगितलाच पाहिजे, कारण 'म्हणजे वेल्श लोक तिकडचे दलितच' अशी पोस्ट उद्या फिरायला वेळ लागणार नाही. वेल्श समाजात स्वतःचे मालक आणि स्वतःचे बांधलेले कूळ जिंकले जाण्याआधीपासून होते. दुसरे म्हणजे या कायद्यांच्या काळातही काही बड्या वेल्शांनी अर्ज करून आपल्याला इंग्रजांप्रमाणे मानावे असे फर्मान मिळवले. ओवेन ट्यूडरला 1432 मध्ये ते मिळाले आणि त्याचा नातू 1485 मध्ये इंग्लंडचा राजा झाला. जातीतून बाहेर पडायचे असे फर्मान आमच्या कोणाला कोणत्या बादशहाने, पेशव्याने किंवा शंकराचार्याने दिले? बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले तिच्यात वर सरकायचे दार विकतही मिळत नाही. वेल्सकडून घ्यायची ती पद्धत. निष्कर्ष आपले आपण काढायचे.

आणि ही पद्धत आपल्याला परकी नाहीच. बाबासाहेबांनी कोलंबियात 1915 मध्ये एमएसाठी कोणता प्रबंध लिहिला? ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची वित्तव्यवस्था. पुढचा मोठा ग्रंथ ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थकारणाचा. त्यानंतर रुपयाचा प्रश्न. अस्पृश्य घरातून आलेल्या तरुणाने पहिले हत्यार उचलले ते राज्यकर्त्याची वही तपासण्याचे. 1928 मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले तेव्हा नुसती करुणा भाकली नाही. महाराला राबवून घेतात किती आणि देतात किती, याचे आकडे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. 1937 मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, तेव्हाही प्रश्न खोताच्या मनाच्या दुष्टपणाचा नव्हता. खोताच्या हाती कायद्याने कोणते अधिकार दिले आहेत, हा होता. बाबासाहेबांचा हा अर्थशास्त्री हात आम्ही जयंतीच्या बॅनरवर 'विश्वविख्यात अर्थतज्ज्ञ' म्हणून छापतो आणि बाजूला ठेवतो.

एक आक्षेप आम्हाला गंभीर वाटतो. मालकाच्या कागदांतून इतिहास लिहिला तर मालकाचीच भाषा अंगात भिनते. मॅकफार्लेनच्या परंपरेतल्या काहींचे तसे झालेही आहे. सरदार किती हुशारीने मालमत्ता सांभाळायचा याचे कौतुक करता करता कूळ विसरले जाते. आपल्याकडे देशमुखी-पाटीलकीच्या कागदांवर लिहिणाऱ्या किती जणांच्या लेखी गावगाडा म्हणजे गुण्यागोविंदाने नांदणारे कुटुंब आहे, हे वाचकांना ठाऊक आहे. पण यावर उपाय दप्तर बंद करणे हा कसा होईल? आज ते ज्यांच्या हातात आहे त्यांना तर हेच हवे आहे. कागद तोच असतो, पण जमेच्या बाजूला आपल्या आज्याचे नाव आहे हे माहीत असलेला माणूस तो वेगळा वाचतो. त्याने भाबडेपणाने वाचू नये, एवढीच अट. डेव्हिस लॅटिन नोंदींतून वेल्श गावे वाचू शकला, कारण त्याला लॅटिनही येत होते आणि त्या गावांची भाषाही. यातली दुसरी गोष्ट त्याच्या इंग्रज सहकाऱ्यांपैकी फार थोड्यांकडे होती.

आपली लॅटिन म्हणजे मोडी. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे डोंगर आहेत. वतनाचे, इनामाचे, गावझाड्याचे, तंट्यांचे कागद. ते वाचणारे आंबेडकरी तरुण आम्हाला बोटांवर मोजण्याइतके भेटले. मोडी शिकायला मेंदू लागतो त्याहून जास्त चिकाटी लागते. चार-सहा महिने रोज तासभर बसले तर हात आणि डोळा सरावतो. स्पर्धा परीक्षेची तीच तीच पुस्तके चौथ्यांदा वाचणाऱ्या आमच्या मित्रांना हे अशक्य नाही.

हे केवळ विद्यापीठातल्या नोकरीसाठी सांगत नाही. कनिष्ठ गावकामगार वतने 1958 च्या कायद्याने संपली, पण महार वतनाच्या जमिनींचे वाद संपले नाहीत. परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनी कोणाच्या नावावर कशा गेल्या, कोणत्या सालच्या फेरफाराने गेल्या, मूळ वतनदार किती घरे होती, कोणाचा हिस्सा कोणी गिळला, हे तालुक्याच्या कचेरीत विचारायला गेलेल्या म्हाताऱ्याला 'जुने कागद मोडीत आहेत, वाचणारा आणा' असे सांगून परत पाठवतात. तो वाचणारा आणतो तेव्हा पानामागे पैसे मोजतो, आणि जे वाचून दाखवले जाते त्यावर विश्वास ठेवण्यावाचून त्याच्या हाती काही नसते.

1976 ते 1995 डेव्हिस वेल्समधल्या ॲबरिस्टविथला प्राध्यापक होते, आणि 1995 पासून ऑक्सफर्डला मध्ययुगीन इतिहासाच्या चिचेली अध्यासनावर. 2005 मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला. जिंकणाऱ्यांचा दरबार शेवटी असा हार घालतोच, त्यावर आमचे फारसे म्हणणे नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ते वारले. सरदार आणि सरदारकी यावरचे त्यांचे शेवटचे पुस्तक अपुरे राहिले होते. ब्रेंडन स्मिथ या इतिहासकाराने ते संपादित करून 2009 मध्ये प्रसिद्ध केले. त्यात वेल्सबरोबर इंग्लंड, आयर्लंड आणि स्कॉटलंडचे मालकही आले आहेत. सरदाराचे घर, त्याची लढाई, त्याची जमीन, त्याची माणसे, अशा क्रमाने. आमच्यापैकी कोणी एखाद्या देशमुखीवर, एखाद्या देवस्थानाच्या इनामावर, एखाद्या साखर कारखान्याच्या अध्यक्षपदावर असे पुस्तक लिहायला बसणार असेल, तर त्याने किंवा तिने आधी हे पुस्तक मिळवावे आणि शेजारी मोडीचे एक दप्तर उघडून ठेवावे. गाइडने "तुमच्या समाजावरच करा" म्हटले, तर सांगावे की तेच करतो आहोत, या वहीत आमच्या समाजाचे नाव पानोपानी आहे.